पाणी मिळेल, कुणालाही विचारा

महाडच्या एसटी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये मी बावीस वर्षं भजी तळली. शिक्षण चौथी, तेही दोन हप्त्यांत. तेव्हा ह्यात कुठं वेलांटी चुकलेली दिसली तर माझ्या भाचीला बोला, ती तपासून देणार आहे. मला बोलून उपयोग नाही. मला आयुष्यभर सगळे बोलले, फरक पडला नाही.

सांगायचंय ते जाधवभाऊंबद्दल. गेल्या मार्गशीर्षात माझी बायको जनी गेली. जाधवभाऊंचा विषय निघाला की आम्ही दोघं हसायचो. म्हणजे ती हसायची आणि मी हसायचं कारण असायचो. आता एकट्यानं आठवायला बसलो की निम्मी आठवणच हाताला लागते. निम्मी तिच्याजवळ होती, ती घेऊन गेली. राहिली आहे ती तरी लिहून ठेवावी म्हणून बसलोय.

कॅन्टीनच्या भिंतीला लागून त्यांचा पुस्तकांचा स्टॉल होता. तीन फळ्या, एक स्टूल, वर पत्रा. खालच्या फळीवर अंकलिप्या आणि आरत्या, मधल्या फळीवर पेपर आणि रहस्यकथा, आणि वरच्या फळीवर सहलीची पुस्तकं. रायगड बघायला येणारी माणसं महाडला उतरत आणि पुढच्या गाडीची वाट बघत तास-तास फलाटावर उभी राहत. त्यांना भजी मी द्यायचो आणि पुस्तक जाधवभाऊ. माझ्याकडचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं कधी गेलं नाही. त्यांच्याकडचं पुष्कळ वेळा जायचं, कारण हा माणूस विकायच्या आधी उलटतपासणी घ्यायचा.

"किती जण आहात?"

"सहा."

"वयस्कर कोण आहे?"

"आई आहे."

"गुडघे?"

"काय?"

"आईंचे गुडघे कसे आहेत?"

"दुखतात हो थोडे."

"मग हे नका घेऊ. हे लिहिणारा पंचविशीच्या आतला असणार. दर पानाला 'सहज चढून जाता येते' म्हणतो. हे घ्या, ह्याच्या लेखकाला दम्याचा त्रास असावा. कुठं कुठं बसायला सावली आहे ते सगळं लिहिलंय."

बारीक चणीचा माणूस, पांढरा सदरा, कानावर शिसपेन्सिल. वाचताना डावा डोळा मिटायचे, बंदूक धरल्यासारखा. शिक्षण सातवी, पण छापील अक्षराची भीती अशी नव्हतीच. आमच्यासारख्याला छापलेलं म्हटलं की ते खरंच वाटतं. ते म्हणायचे, "छापखान्यात खिळे असतात रे म्हादू, देव नसतो."

पुस्तक पारखायची त्यांची एक रीत होती, ती मी अजून कुणाकडं बघितलेली नाही. गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुमचं गाव कुठलं?" समजा तो साताऱ्याचा. मग म्हणायचे, "ह्यात साताऱ्याचं पान काढा आणि इथं उभ्या उभ्या वाचा. तुमच्या गावाबद्दल जो खोटं लिहितो तो आमच्या गावाबद्दल खरं कशाला लिहील?" आणि पुस्तक वापरायचं कसं तेही सांगायचे. घरी वाचा, गाडीत पिशवीत ठेवा, डोंगरात अडलात तरच उघडा. पानात बघत चालणाऱ्याला वाट सापडत नाही, दगड तेवढा सापडतो. आणि शेवटी हमखास, "वाट रिकाम्या माणसाला विचारू नका. डोक्यावर ओझं असलेल्याला विचारा. त्यानं अंतर मोजलेलं असतं."

हे ते बोलत असताना मी शेजारी कढईपुढं पाय पसरून बसलेलो असायचो आणि आल्यागेल्याला वाटा सांगत असायचो. बोलणं मला होतं हे कळायला मला चार वर्षं लागली.

ह्या सगळ्या पुस्तकांत एक होतं निळ्या पुठ्ठ्याचं, महाड-पोलादपूरकडच्या डोंगर-गावांचं. पुण्याकडच्या कुणी लेखकानं लिहिलेलं. जाधवभाऊंचा जीव त्याच्यावर. जीव म्हणजे, त्यातल्या चुका सगळ्यांत जास्त त्यांना पाठ. नवीन गठ्ठा आला की दुपारी गाड्या कमी असताना स्टुलावर बसून एकेक प्रत उघडायचे आणि प्रत्येकीत तेच तेच समासात लिहायचे. बारीक, सुवाच्य. 'साकव वाहून गेला, अलीकडून उतरा.' 'झाड आता नाही, खूण धरू नये.' हिरकणीवाडीत एका घरी चहा मिळतो असं छापलं होतं, तिथं लिहिलं होतं, 'बाई वारल्या. मुलगा करतो. साखर जास्त.'

गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अहो, हे कुणीतरी वापरलेलं दिसतंय."

"वापरलेलंच आहे. मी वापरलं म्हणून तुम्हाला चुकायला नको."

एकदा प्रकाशकाचा माणूस आला, गळ्यात बॅग, घामानं भिजलेला. न खपलेल्या प्रती परत घ्यायला आला होता. उघडून बघतो तर पानोपानी पेन्सिल. डोक्याला हात लावून तो माझ्या बाकड्यावर बसला. "जाधव, हा माल मी परत नेऊ कसा? मालक मला उभा जाळील."

जाधवभाऊ म्हणाले, "मालकाला म्हणावं, पुढच्या आवृत्तीला हीच प्रत छापायला द्या."

तो माणूस भजी न खाता गेला. पुढची आवृत्ती आली ती जशीच्या तशी, चुकांसकट. फक्त पुठ्ठा जाड. जाधवभाऊंनी ब्लेड काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

सोमवारी स्टॉल बंद. त्या दिवशी छत्री आणि निळं पुस्तक घेऊन ते डोंगरात जायचे आणि लिहिलंय ते आहे का हे बघून यायचे. बायको दासगावला शेतावर मजुरीला जायची, पोरगा पनवेलला कारखान्यात. घरचे म्हणायचे, ह्याला वेड लागलंय. ते म्हणायचे, "वेड नाय रे. माणसं माझ्या हातातनं पुस्तक नेतात. उद्या तहानेनं पडली तर लेखकाला कोण शोधत जाईल? मला शोधत येतील."

आता माझी गोष्ट येते, त्यामुळं जरा लाज बाजूला ठेवतो.

त्या निळ्या पुस्तकात आमची टेंभेवाडी आहे. पोलादपूरच्या पुढं फाट्यावर उतरून चढ चढला की वीस-बावीस घरं. वर काळजाईचं ठाणं आणि कडा. ह्या वाडीबद्दल पुस्तकात जे छापलंय ते सगळं मी सांगितलेलं आहे. लेखक महाडला आले होते तेव्हा माझ्याच कॅन्टीनमध्ये तीन प्लेट भजी खाल्ली आणि वही काढली. "तुमच्या वाडीचं सांगा." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वही काढून विचारत होतं. मी सुटलो.

"चढ किती?"

"हे काय, अर्धा तास."

आमच्याकडं पाहुण्याला कुणी लांब म्हणून सांगत नाही. दमलेल्या माणसाला लांब म्हणणं म्हणजे त्याला परत फिर म्हणण्यासारखं. हाकेवर हाय, ह्या वळणापलीकडं हाय, आलंच. एवढी आमची अंतरं.

"पाण्याची सोय?"

"विहीर हाय की. कुणालाही विचारा, पाणी मिळेल. आमची माणसं लई मायाळू."

ते तसंच्या तसं छापलं गेलं. मी प्रत घेतली, वाडीवर नेली, पारावर वाचून दाखवली. सगळे खूश. रात्री जेवताना जनीला वाचून दाखवली.

ती म्हणाली, "अर्धा तास? तुमाला दीड लागतो. आनि मधी दोनदा बसता."

"ते मी ओझं घेऊन येतो म्हणून."

"ओझं मी आनते. तुमी टोपी आनता."

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या कॉलेजची पोरंपोरी ते पुस्तक घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर परत आली ती भाजलेल्या वांग्यासारखी. एकीला फलाटावर आडवी करून कांदा हुंगवला. त्यांच्यातल्या एकानं पुस्तक जाधवभाऊंच्या फळीवर आपटलं. "अर्धा तास! दोन तास चढतोय आम्ही! कुणी लिहिलंय हे?"

मी झाऱ्यानं भजी उलटत होतो. झालेली होती, तरी उलटत होतो.

जाधवभाऊंनी पुस्तक उघडलं, डावा डोळा मिटला, आणि 'अर्धा तास'च्या पुढं लिहिलं, 'शेळीला. माणसाला दीड, उन्हात दोन.' त्या पोराला दुसरं पुस्तक फुकट दिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हादू, त्या मुलीला एक लिंबूपाणी दे. तुझ्याकडून."

त्यांना सगळं ठाऊक होतं. 

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्याच दिवशी मला दिसलं की त्यांनी 'कुणालाही विचारा, पाणी मिळेल' ह्या ओळीपुढं एक प्रश्नचिन्ह काढलंय. लहानसंच.

मी विचारलं, "ही आकडी कशाला?"

"ते तपासायचं राहिलंय."

"त्यात काय तपासायचं? विहीर हाय. मी पाणी पितोय तिचं."

"तू पितोस," ते म्हणाले. "पुस्तकात 'कुणालाही' लिहिलंय."

मी कढईत नवीन घाणा सोडला. तोंड का फिरवलं ते सांगतो. जाधवभाऊ दासगावच्या नदीकडच्या बौद्धवाडीतले. त्यांचा बाप महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांतला. स्टँडवर मी त्यांना दिवसाला चार कप चहा द्यायचो, त्याच कपात, त्याच बशीत, आणि कधी मनात काही आलं नाही. महाडात मी सुधारलेला माणूस होतो. पोलादपूर ओलांडून फाट्यावर उतरलो की पुन्हा बापाचा पोरगा. आमच्या वाडीत त्यांच्या समाजाचं एकही घर नाही, त्यामुळं प्रश्न कधी आलाच नव्हता, आणि प्रश्न आला नाही म्हणून आम्ही स्वतःला चांगले समजत होतो.

आणि ह्या माणसाचा सोमवार कधीतरी टेंभेवाडीवर येणार होता.

मी दोन वर्षं ढकललं. आता पाऊस आहे, वाट निसरडी. आता लग्नं आहेत, सगळे बाहेरगावी. आता विहीर उपसायला घेतलीय. एका वर्षात मी ती विहीर तीनदा उपसवली. जाधवभाऊ मान हलवायचे आणि नवीन प्रतीत ते प्रश्नचिन्ह काढायचे. जनीला मी सगळं सांगितलं, म्हटलं आता कसं करू?

"करायचं काय? या म्हणावं."

"अगं, पन तात्या?"

तात्या म्हणजे माझा चुलता. वाडीतला जाणता माणूस. तो पारावर बसायचा, पार विहिरीसमोर, आणि विहिरीवर कोण आलं कोण गेलं हे त्याच्या नजरेतून सुटायचं नाही.

"तात्या म्हातारा हाय," जनी म्हणाली. "तुमी कशाला म्हातारं होताय?"

एका वैशाखात, मी घरी असताना, न कळवता जाधवभाऊ आले. भर बारा वाजता. छत्री, कानावर पेन्सिल, काखेत निळं पुस्तक. मी विहिरीजवळच्या फणसाखाली होतो. मला बघून त्यांनी ओळख दाखवली नाही. तपासणीला आल्यावर ते कुणालाच ओळख दाखवायचे नाहीत. सरळ पारापुढं उभे राहिले.

"राम राम," तात्या म्हणाला. "कुठनं येनं केलं?"

"महाडहून. जाधव."

"कुठले जाधव?"

"दासगावचे."

"दासगावात कुठले?"

"नदीकडच्या वाडीतले."

पारावर चौघं होते. चौघांनी एकदम दुसरीकडं बघितलं. त्या वेळी मीही वर फणसाकडं बघत होतो, फणस मोजत होतो. त्या झाडाला त्या साली अकरा फणस होते. अजून लक्षात आहे.

"पाणी मिळेल का?" जाधवभाऊंनी विचारलं.

"मिळंल की!" तात्या मनापासून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आपण माणुसकी करतोय. "म्हादू, तांब्या आन रे. पाव्हन्यांच्या हातावर घाल. वरनं."

मी तांब्या आणला. एवढं काम मला जमतं. भरला, आणि हात लांब करून उभा राहिलो. जाधवभाऊंनी ओंजळ पुढं करायची होती. त्यांनी केली नाही. छत्री एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात, तसेच उभे. दोन तास उन्हात चढून आलेला माणूस, ओठ पांढरे पडलेले.

"घ्या की," तात्या म्हणाला.

"मी प्यायला नाय आलो," जाधवभाऊ म्हणाले. "तपासायला आलोय. झालं तपासून."

ते जाऊन पलीकडच्या दगडावर बसले आणि त्यांनी पुस्तक उघडलं. मी हात लांब केलेलाच उभा. तांब्या कलंडला होता, माझ्याच पायावर पाणी पडत होतं आणि मला कळत नव्हतं.

तेवढ्यात जनी विहिरीवर आली. तिनं सगळं बघितलं असावं. आमच्या घराचं दार तिकडंच उघडतं. तिनं काही बोलायच्या आधी पोहरा सोडला, शेंदला, माझ्या हातातनं तो तांब्या काढून घेतला. काढून घेतला म्हणजे हिसकला. उरलेलं पाणी ओतून टाकलं, ताजं भरलं आणि जाऊन जाधवभाऊंच्या हातात दिला.

"धरा भाऊ. बसूनच प्या, उन्हातनं आलायसा. दमानं."

तात्या ओरडला, "गो जने! घरातलं भांडं हाय ते!"

"हां, घरातलंच," ती म्हणाली. "पाव्हन्याला दुसऱ्याच्या घरातलं आनू?"

जाधवभाऊंनी तांब्या तोंडाला लावला. प्यायले, परत दिला. मग कानावरची पेन्सिल काढली, ते प्रश्नचिन्ह खोडलं, 'कुणालाही' ह्या शब्दावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बायकांना'.

बायकांना विचारा, पाणी मिळेल.

एवढंच. उठले, जनीला नमस्कार केला, माझ्याकडं बघितलं नाही. तपासणी होती ना.

मंगळवारी मी स्टँडवर आलो. ते नेहमीसारखे बसलेले. मी चहा नेऊन ठेवला. तोंड वर करायची हिंमत नव्हती.

"चहा चांगला झालाय," ते म्हणाले.

"जाधवभाऊ, ते खोडा ना. वाडीची बदनामी होते."

"खोडीन की. बदलल्यावर."

"मी काय एकटा बदलनार?"

"तुझ्या बायकोनं कितीजणी गोळा केल्या होत्या रे?"

मी कढईकडं गेलो.

त्यानंतर जी प्रत विकली तिच्यात 'बायकांना विचारा'. आणि तिचा परिणाम काय झाला ते ऐका. आमच्या वाडीवर चढून येणारी माणसं पारापुढून जायची. तात्या आणि त्याची चौकडी मोठ्या अगत्यानं म्हणायची, "या पाव्हनं, बसा, कुठनं आलात?" आणि पाहुणे पुस्तकात बघून हसायचे, हात जोडायचे आणि त्यांना वळसा घालून सरळ पाणवठ्यावरच्या बायकांकडं जायचे. "मावशी, पाणी द्याल का?" बायका द्यायच्या. पुढं पुढं भाकरी द्यायला लागल्या, गप्पा मारायला लागल्या. कोण मुंबईची नर्स, कोण बँकेतली. आमच्या बायकांना सगळ्या जगाची बातमी आणि पारावरच्या पुरुषांना बातमी बायकांकडून.

तात्याला हे लागलं. माणसाला दुसरं काही लागत नाही एवढं, कुणी काही विचारलं नाही तर लागतं. जन्मभर वाटा सांगितलेला माणूस. एकदा त्यानं एका पोराला अडवलंच. "का रे, आमी काय मेलोय? आमाला का नाय विचारत?" पोरानं पुस्तक पुढं केलं. तात्याला वाचता येत नव्हतं. त्यानं मला हाक मारली.

मी वाचून दाखवलं. वाचताना वाटलं, बदलून वाचावं. आयुष्यात तेच तर केलं होतं. पण जनी जवळच भांडी घासत होती. आहे तसं वाचलं.

तात्या बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "ह्ये त्या दिवसाचं का?"

"हां."

"आनि ह्ये सगळ्या पुस्तकांत?"

"सगळ्या."

पुढं बरीच वर्षं गेली. तात्याचे गुडघे गेले, माझे केस गेले. जाधवभाऊंना खोकला लागला. पोरगा म्हणत होता पनवेलला या, आणि ते पुढच्या महिन्यात म्हणत होते. रायगडाच्या वाटेवर जाणारी माणसं वाढली, पुस्तकं रंगीत झाली, पण निळ्या पुस्तकात ते वाक्य तसंच, दर प्रतीत, हातानं. अक्षर जरा थरथरायला लागलं होतं एवढंच. मी म्हणायचो, आता हात दुखतो तर ठसा तरी करून घ्या. ते म्हणायचे, "ठसा केला की ते कायमचं झालं. हे खोडायचंय मला."

एका दिवाळीत मी वाडीवर गेलो तर तात्यानं मला बोलावलं. अंथरुणाला टेकलेला. म्हणाला, "त्या तुझ्या पुस्तकवाल्याला सांग. येऊन बघ म्हनावं."

"काय बघू म्हनू?"

"येऊ दे रे त्याला. तू लई विचारतोस."

मी निरोप दिला. जाधवभाऊंनी पनवेलचा बेत पुढं ढकलला आणि थंडीतल्या एका सोमवारी आले. ह्या वेळी मी त्यांच्या बरोबरच चढलो. दोघांना मिळून अडीच तास लागले. ते तीनदा बसले, मी पाचदा. वर आलो तर तात्याला पारावर आणून बसवलेलं, अंगावर घोंगडी. बाकी कुणी नव्हतं. बाकीचे आपापल्या घरात होते, आणि आमच्या घरांची दारं किलकिली किती होतात ते मला त्या दिवशी कळलं.

"जाधव," तात्या म्हणाला. "दासगावचे. नदीकडच्या वाडीतले."

"हां."

"विहीर हाय. पोहरा हाय. मला उठवत नाय, नायतर..."  तो उठला. माझा खांदा धरून उठला आणि घराकडं निघाला. त्याला ते बघायचं नव्हतं. एवढंच त्याला जमलं. मी त्याला आत नेऊन बसवला आणि परत आलो.

उगाच खोटं लिहीत नाही. वाडी काही देवळासारखी पवित्र झाली नाही. दुसऱ्या दिवशी पोहरा कुणी राखेनं घासला ते मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, माझंच आडनाव आहे.

पण त्या दिवशी जाधवभाऊ विहिरीच्या काठावर चढले. छत्री खाली ठेवली, पुस्तक तिच्यावर ठेवलं. पोहरा सोडला. दोर हाताला जड जात होता, दम्याच्या माणसासारखे मधी थांबत होते. जनी दारात उभी होती. मी पुढं व्हायला लागलो तर तिनं मला सदऱ्याला धरून मागं ओढलं. "राहू द्या. त्यांचं त्यांना शेंदू द्या."

पोहरा वर आला. त्यांनी काठावर टेकवला, ओंजळ केली, स्वतः शेंदलेल्या पाण्यात बुडवली आणि प्यायले. एकदा. थांबले. तोंडात घोळवलं. पुन्हा एकदा प्यायले. आम्ही दोघं बघतोय. मला वाटलं, आता ह्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. माझ्या आलंच होतं.

ते म्हणाले, "मचूळ हाय रे म्हादू."

"काय?"

"पाणी. मचूळ हाय. तुम्हाला सवयीनं कळत नसेल."

आमच्या सगळ्या वाडीची समजूत होती की आमच्यासारखं पाणी पोलादपुरात नाही. सोयरीक जमवताना आम्ही विहिरीचं पाणी सांगायचो. आणि हा माणूस एवढ्या वर्षांनी, एवढा डोंगर चढून, एवढा प्रसंग करून म्हणतो मचूळ. जनी आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून हसायला लागली. तिला उभं राहवेना, ती उंबऱ्यावर बसली.

"भाऊ, खरं हाय," ती म्हणाली. "माहेराहून आले तेव्हा पहिल्या दिवशी मला पन लागलं होतं. बोलनार कुनाला?"

जाधवभाऊंनी पुस्तक उघडलं. 'बायकांना' खोडलं. छापलेला 'कुणालाही' रेघेखाली होता, त्याच्याखाली टिंबं दिली, म्हणजे हा शब्द राहू द्यावा. आणि समासात लिहिलं, 'पाणी मचूळ'. पेन्सिल कानावर ठेवली, जनीला नमस्कार केला, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि एकटेच उतरायला लागले. चल म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते पनवेलला गेले, स्टॉल दुसऱ्यानं घेतला. तिकडूनच ते वारल्याचं पुढं कळलं.

पण त्या दिवशी ते वाट उतरत असताना आतनं तात्या ओरडला, "म्हादू! काय लिवलं रे त्यानं?"

मी जनीकडं बघितलं. तिचं हसू अजून थांबत नव्हतं.

"पाणी मचूळ हाय म्हनून लिवलंय, तात्या!"

आतनं काठी टेकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्या किलकिल्या दारांना ऐकू जाईल असं, "हाय. हायच मचूळ."

खालच्या वळणावर जाधवभाऊ थांबले होते. त्यांना ऐकू गेलं असावं. मान न वळवता त्यांनी हात तेवढा वर केला, आणि करवंदीच्या जाळीआड उतरून गेले.